बोले रोडवरचे बोले

भगिनींनो, ज्या रस्त्याने आपण रोज भाजीची पिशवी घेऊन जातो येतो, त्याचे नाव आपल्या तोंडात इतके बसून गेलेले असते की ते कुणा माणसाचे नाव आहे याचाही विसर पडतो. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापासून आगर बाजारावरून पोर्तुगीज चर्चकडे आणि पुढे दादरच्या कबुतरखान्याच्या बाजूला जाणारा आपला बोले रोड घ्या. मंगळवारी आणि विशेषतः अंगारकीला या रस्त्याला माणसांचा पूर येतो. त्या हजारो भक्तांपैकी बोले कोण हे सांगू शकणारे किती निघतील? माझ्या भाच्याने तर मला एकदा सरळच विचारले, "मावशी, बोले म्हणजे कोण काय बोलले?" हसू आले खरे, परंतु त्याचा प्रश्न वेडगळ होता असे मला वाटत नाही. बोले खरोखरच एकदा बोलले होते, आणि त्यांच्या त्या बोलण्याने पुष्कळ उलथापालथ झाली.

हा विषय आताच काढण्याचे कारण आपणांस ठाऊक आहेच. १९८२ च्या संपानंतर आपल्या भागातील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि त्यांच्यामधून नवे रस्ते निघाले. आपल्या वस्तीमागे असाच एक छोटासा नवा रस्ता झाला आहे व त्याला अद्याप नाव नाही. त्याला नाव कोणते द्यावे, यावर गेल्या काही महिन्यांत आपल्या मंडळात जी चर्चा झाली, ती कधी गोड, कधी तिखट होती. म्हणून वाटले की, आपल्याच आसपासच्या रस्त्यांना नावे कशी मिळाली आणि त्या नावांचे पुढे काय झाले, हे या स्मरणिकेत एकदा मांडावे.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्तीत माणसे पटापट मेली, तेव्हा १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था काढली. शहर मोकळे करावे आणि लोकांना उत्तरेकडे राहावयास न्यावे, हा तिचा उद्देश होता. त्या वेळचे दादर-माहीम म्हणजे माडांच्या आणि ताडांच्या वाड्या, भाताची शेते आणि मधूनमधून भंडारी, कोळी, आगरी मंडळींची घरे. माडावर चढून माडी काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. या वाड्यांतून पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सरळ आखलेले रस्ते निघाले आणि प्रत्येक रस्त्याला नाव लागू लागले.

काही नावे गोऱ्या साहेबांची होती. समुद्राकाठचा कॅडेल रोड हा पालिकेच्या कॅडेल नावाच्या कमिशनरांचा, आणि पूर्वेचा मोठा व्हिन्सेंट रोड दुसऱ्या एका साहेबाचा. पुढे कॅडेल रोडला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे आणि व्हिन्सेंट रोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. तरीही जुनी माणसे अजून "कॅडेल रोडला उतरतो" असेच म्हणतात. सवय लवकर मोडत नाही. रानडे, गोखले, केळकर ही नावे देशातल्या थोर माणसांची. अशा माणसांच्या नावाचे रस्ते गावोगाव सापडतात, आणि त्यांची आठवण राहण्यास आपल्या दादरच्या पाटीची फारशी गरज नाही. माझे लक्ष जाते ते इथल्या माणसांच्या नावांकडे. इथली पाटी गेली की त्यांना दुसरीकडे जागा नाही.

लेडी जमशेटजी रोडचेच पाहा. पूर्वी माहीमहून वांद्र्यास जावयाचे तर खाडी ओलांडण्यास होडी हाच मार्ग. पावसाळ्यात ती वाट जिवावरची. कंपनी सरकार पूल बांधण्यास पैसा सोडीना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नीने स्वतःचे दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. या वाटेवर सरकारने टोल घेऊ नये, अशी त्यांची अट होती. दीड लाख म्हणजे त्या काळी केवढी रक्कम! त्या कॉजवेकडे जाणाऱ्या रस्त्यास त्यांचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. परंतु नाव कोणते? "लेडी" ही सरकारची पदवी, "जमशेटजी" हे नवऱ्याचे नाव. त्या बाईंचे स्वतःचे नाव आवाबाई. जिने पैसा दिला तिचे नाव तिच्याच रस्त्यावर नाही! आपण बायकांनी तरी हे ध्यानात ठेवावे. आणि आता "एल. जे. रोड" म्हणण्याची पद्धत पडल्यापासून लेडीही गेली आणि जमशेटजीही गेले.

शिवाजी पार्कची हकीकत याहून सुखाची. हे मैदान १९२५ साली लोकांस खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. मुंबईच्या पालिकेत १९२३ साली प्रथमच स्त्रिया सभासद म्हणून गेल्या, त्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या. महात्मा गांधींच्या बरोबर १९१७ साली चंपारणात जाऊन काम केलेल्या आणि १९१८ साली गिरगावात हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या त्या ह्याच. त्यांच्या खटपटीने १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्ताने, मैदानास शिवछत्रपतींचे नाव मिळाले. त्याच मैदानाला लागून केळुसकर रोड आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शाळामास्तर. त्यांनी शिवछत्रपतींचे मोठे मराठी चरित्र लिहिले. शिवाजी पार्कास बिलगलेला रस्ता शिवचरित्रकाराचा असावा, यात ज्याने योजिले त्याची रसिकता दिसते, किंवा योगायोग म्हणा.

आता बोल्यांकडे येते.

रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले. सरकारी रावबहादुरी मिळालेला माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पगडी घातलेला आणि साहेबापुढे वाकलेला कोणी येतो. हे गृहस्थ त्यातले नव्हते. गिरणगावातल्या कामगारांसाठी १९०९ च्या सुमारास कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या चालकांत ते प्रमुख होते. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यापासून मालकांना रात्रीचीही अडचण उरली नव्हती. तेरा-चौदा तास काम चाले. १९११ च्या कायद्याने पुरुष कामगारांचे तास कापडगिरण्यांत बारावर आले. बारा तास हा दिलासा वाटावा, यावरून आधीची स्थिती समजून घ्यावी. आपल्यापैकी किती जणींच्या आजेसासऱ्यांनी आणि आजेसासवांनी ते दिवस काढले असतील!

बोले आणि केळुसकर या दोघांना जोडणारी एक गोष्ट आहे. भीमराव आंबेडकर नावाचा एक मुलगा परीक्षा पास झाला. त्याच्या जातीत असे घडणे म्हणजे अपूर्वाईच, म्हणून परळच्या बाजूच्या मंडळींनी त्याच्या सत्काराची सभा भरविली. सभेचे अध्यक्ष बोले होते. त्या सभेत केळुसकर मास्तरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. पुढे त्याच्या कॉलेजच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच. १९५६ साली नागपुरास बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा जगाने पाहिले. पण ते पुस्तक पहिल्याने हातात पडले ते या मास्तरांच्या हातून, आणि बोल्यांच्या अध्यक्षतेखाली.

बोले पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात सभासद झाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी तिथे जो ठराव मंजूर करून घेतला, तोच "बोले ठराव" म्हणून प्रसिद्ध आहे. ठराव अगदी साधा. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, कोर्टे आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गास करू द्यावा. बस, एवढेच. आज वाचताना वाटते, यात ठराव करण्यासारखे काय आहे? जे सर्वांच्या पैशाने झाले ते सर्वांचे. परंतु त्या काळी हे कायदे कौन्सिलात उभे राहून सांगावे लागले.

पाण्याचे दुःख पुरुषांपेक्षा बायकांना अधिक कळते. घरात पाणी भरण्याचे काम आपल्याकडेच. नळाला पाणी येण्यास अर्धा तास उशीर झाला तरी आपला सगळा दिवस विस्कटतो. मग ज्या बाईने विहिरीजवळ यायचेच नाही, दूर घागर ठेवून उभे राहायचे, आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेले पाणी घेऊन घरी जायचे, तिचा दिवस कसा जात असेल? तान्हे मूल घरी रडत असेल, चूल पेटायची असेल, तरी तिने वाटसरूच्या मर्जीची वाट पाहायची. आणि ती विहीर तिच्या नवऱ्याने भरलेल्या करातूनही बांधलेली असायची. बोल्यांच्या ठरावातील "सार्वजनिक" हा शब्द मला म्हणून फार मोठा वाटतो.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आपल्या खात्यांना ठराव अमलात आणण्यास सांगितले. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये तेथील चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. बोल्यांनी हार मानली नाही. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव त्यांनी १९२६ साली आणला. नुसत्या उपदेशाने कोणी हलत नाही, पैसा अडला की हलतो, हे व्यवहारी शहाणपण त्यांच्यापाशी होते.

त्यापुढची हकीकत शाळेतल्या पुस्तकातही आहे. १९ व २० मार्च १९२७ या दिवशी महाडास परिषद भरली आणि २० तारखेस बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. त्यांच्या हाताशी कायद्याचा आधार होता तो बोले ठरावाचा आणि त्यावरून झालेल्या महाडच्या ठरावाचा. नंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य वगैरे ओतून तळे "शुद्ध" केले. त्याच तळ्यात गुरे पाणी पीत, त्याने काही बाटत नव्हते! महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेस. तळे खासगी मालकीचे आहे असा दावा कोर्टात लावण्यात आला. तो लढत लढत हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे.

आपल्या दादरातही बोल्यांची कसोटी लागली. १९२६ च्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य बांधवांस गणपतीच्या पूजेचा अधिकार असावा की नसावा, यावरून टिळक पुलाजवळ मोठा बखेडा झाला. वर्गणी सर्वांची, मग पूजा काहींचीच का, असा प्रबोधनकार ठाकरे यांचा सवाल होता. त्या दिवशी बाबासाहेब आणि बोले दोघेही तिथे आले, आणि अखेर त्यांतल्याच एका गृहस्थाच्या हातून फुले देवापर्यंत पोचतील अशी तोड निघाली. पूर्ण न्याय झाला असे नाही. तरी सभागृहात बोलायचे आणि गल्लीत गप्प बसायचे, असा बोल्यांचा स्वभाव नव्हता, हे यावरून दिसते. गावजोशांच्या वतनी हक्काविरुद्धही त्यांनी कौन्सिलात बिल आणले होते. त्यामुळे त्यांना शिव्याही पुष्कळ खाव्या लागल्या असणार. नव्वदी ओलांडून ते १९६१ साली वारले.

टिळक पुलाच्या पश्चिमेस बोले रोड आहे आणि पूल ओलांडून गेले की डॉ. आंबेडकर रोड लागतो. ज्याच्या सत्कारसभेस बोले अध्यक्ष होते त्या मुलाचा रस्ता पूर्वेस, आणि बोल्यांचा पश्चिमेस. दोहोंमध्ये जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. पण आपण बोले रोड लिहितो तो कसा? "एस. के. बोले मार्ग". सीताराम गेले, केशव गेले, पाणी तर केव्हाच गेले. उरला तो पोस्टाचा पत्ता.

म्हणून आपल्या नव्या रस्त्याविषयी मला जे सांगावयाचे आहे ते असे. सुचलेल्या नावांत एका पुढाऱ्यांच्या वडिलांचे नाव आहे, एका दानशूर व्यापाऱ्यांचे आहे. त्यांच्याविषयी मला अनादर नाही. परंतु मंडळातल्या आम्हा बऱ्याच जणींचे मत गिरणीच्या चाळींत तीस-पस्तीस वर्षे बाळंतपणे केलेल्या सुईणकाकूंच्या बाजूने आहे. माझ्या सासूबाईंची तिन्ही बाळंतपणे त्यांनीच केली. संपाच्या वर्षी घरोघरी चुली थंड होत्या, तेव्हा त्यांनी कुणाकडून पैसा घेतला नाही, उलट बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू स्वतः करून नेले, हे सांगणाऱ्या बायका अजून हयात आहेत. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणाच्याही दारी, कुणाची जात न विचारता त्या गेल्या. त्यांना जाऊन आता वीस वर्षे होतील.

अर्ज लिहावयास बसलो तेव्हा एक चमत्कारिक अडचण आली. काकूंचे पूर्ण नाव कुणालाच ठाऊक नव्हते! कुणी म्हणे सुईणकाकू, कुणी चौथ्या माळ्यावरच्या काकू, कुणी अमक्याची आई. शेवटी त्यांच्या सुनेने जुने रेशनकार्ड शोधून काढले, तेव्हा त्यांचे नाव कळले. आवाबाईंचे जे दीडशे वर्षांत झाले, ते आमच्या काकूंचे वीस वर्षांतच होत आले होते. घरच्या मंडळींनी संमती दिली आहे, आणि नाव अर्जात पूर्ण लिहिले आहे. स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव. आद्याक्षरे चालणार नाहीत असेही त्यात घातले आहे.

दुसरा वाद पाटीवरच्या ओळीचा. नावाखाली त्यांचे काम लिहावे, हे सर्वांस मान्य झाले. पण "सुईण" हा शब्द बरा दिसत नाही, "समाजसेविका" लिहा, असे दोघी-तिघींचे म्हणणे पडले. मला ते पटत नाही. समाजसेविका या शब्दाने काहीच कळत नाही. "रावबहादूर" या शब्दाने बोल्यांच्या ठरावाचे काही कळते का? सुईण म्हटले की पन्नास वर्षांनी जन्मलेल्या मुलालाही कळेल की या बाईने काय केले. निदान तो घरी येऊन आईला विचारील तरी.

अर्जाचा मसुदा चिटणीसबाईंकडे आहे. त्यात ओळ अशी धरली आहे: "या भागातील गिरणी कामगारांच्या घरी बाळंतपणे करणाऱ्या सुईण." नगरसेवकांमार्फत तो वॉर्ड ऑफिसात जाईल आणि पुढे पालिकेच्या सभेपुढे येईल, त्यास किती महिने लागतील ते सांगता येत नाही. आतापर्यंत चाळीसच्या वर सह्या झाल्या आहेत. ज्यांच्या राहिल्या आहेत त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवास येताना चष्मा बरोबर आणावा, कारण सही करण्यापूर्वी अर्ज प्रत्येकीने वाचावा असे ठरले आहे. ज्या भगिनींचा जन्म काकूंच्या हातून झाला असेल त्यांनी सहीपुढे तसे लिहावे.